चिखल गाळलेला पाळणा

अर्धी पडवी सारवून झाली होती. आवडाबाई उकिडव्या बसून मागे मागे सरकत होत्या, शेणाचा हात अर्धगोल फिरत होता, आणि त्या फिरण्याच्या लयीत कधी कुणास ठाऊक, तोंडात पाळणा आला. ‘सोन्याचा पाळणा, रेशमी दोरी’ एवढंच ओठांवर आलं आणि हात जागीच थांबला. शेणाचं पाणी मनगटावरून बांगड्यांत उतरलं तरी त्या तशाच बसून राहिल्या. मग उठल्या, हात धुतले, आणि उरलेली पडवी तशीच टाकून देवघरात जाऊन बसल्या. सकाळची पूजा केव्हाच आटपली होती. तरी बसल्या. बाळकृष्णाकडे बघायचा मात्र धीर होईना, म्हणून तबकातली कालची फुलं उगीच वेगळी करत राहिल्या.

कल्याणात पारनाक्याच्या आसपासच्या आळ्यांत आवडाबाईंचा पाळणा म्हटल्याशिवाय बारसं झालं असं कुणी मानत नसे. वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून या हातातून त्या हातात गेला, बाळाच्या कानात नाव सांगताना आत्याने पाठीवर बायकांच्या थापट्या खाल्ल्या, की सगळ्या म्हणायच्या, “आवडाकाकू, आता तुम्ही.” आणि काकू दोरीला हात लावून सुरू करायच्या. आवाज गोड, पाठांतर पक्कं. आईचं नाव, बापाचं नाव, बाळाचं नाव एवढं आदल्या दिवशी विचारून ठेवलं की झालं. बाकी सगळं तयार असे. सोन्याचा पाळणा, रेशमी दोरी, झोका द्यायला पाच गौरी, चांदोबाची टोपी, आणि शेवटाकडे मामा:

मामा येई ग गाडीत बसून,
आणितो बिंदल्या मोती जडून.

ज्या घरात पाळणा शेजारून मागून आणलेला आणि मामा भिवंडीला मागावर बसणारा, त्या घरातसुद्धा पाळणा सोन्याचाच आणि बाळाच्या मनगटात बिंदल्या मोत्यांच्याच. ऐकणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. बाळासाठी देवाकडे चांगलंच मागायचं, खरंखोटं कोण बघतो? आवडाबाईंनाही तसंच वाटे. कालपर्यंत.

काल त्यांच्या नणंदेच्या, येसूवन्संच्या घरी बारसं होतं. येसूवन्संचा एकुलता मुलगा हरिहर, स्टेशनात मालाच्या कचेरीत कारकून. त्याची ही पहिली मुलगी. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, आणि हरिहरची बायको उत्तरा हिचं माहेर लांबही नव्हतं, ठाकुर्लीला. पण तिच्या माहेरात उरला होता तो एक भाऊ, नाथा. आईबाप मागेच गेलेले, नाथाचं अजून लग्न व्हायचं होतं. तोही भाद्रपदात तापाने गेला. घराला कुलूप लागलं, म्हणून उत्तरा सासरीच बाळंत झाली.

हे आवडाबाईंना माहीत नव्हतं असं नाही. नाथा गेल्याचं कळलं तेव्हा त्या स्वतः धावत गेल्या होत्या. उत्तराचं डोकं मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. तिच्या आसवांनी त्यांचा पदर ओला झाला होता.

आणि काल त्याच उत्तराच्या समोर, रेवती नाव ठेवलेल्या त्या मुलीच्या पाळण्याची दोरी हातात धरून त्यांनी म्हटलं, ‘मामा येई ग.’

पाळण्याच्या वरच्या खुंटीला एक जुनी छत्री टांगलेली होती. तीही त्यांच्या नजरेला पडली होती. मनात आलं ते एवढंच, की बारशाच्या दिवशी तरी ही इथून काढायला हवी होती. ओळ अर्धी गेली तेव्हा त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. पण थांबता येईना. चाल पुढे ओढत होती, जिभेला वळण पडलेलं होतं, बिंदल्या आणि मोती तोंडातून बाहेर पडलेच. बायकांनी सवयीने ‘जो जो रे’ धरलं आणि मग त्यांचेही आवाज एकेक करून गळाले. उत्तरा उठली. तिने पाळण्यात हात घालून मुलीला उचललं, बाजेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. घुगऱ्या वाटल्या गेल्या. निघताना शेजारची एक बाई आवडाबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, “मनाला लावून घेऊ नका काकू. गाणंच तर आहे ते.”

धीर द्यायला म्हणून ती बोलली होती. आवडाबाईंना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

“वहिनी, ही अर्धी पडवी कुणासाठी ठेवलीत?”

येसूवन्सं दारात उभ्या होत्या. लुगडं घोट्यापासून उचलून, सारवलेलं चुकवत, कोरड्या बाजूने त्या आत आल्या आणि देवघराच्या उंबऱ्यावर बसल्या.

“या वन्सं.”

“आलेच आहे. देवासमोर तोंड लपवून बसलात, तर देव म्हणेल, हिला घरात काही काम नाही काय?”

आवडाबाईंनी मान वर केली नाही. “उत्तरा कशी आहे?”

“कशी असायची? जेवते, पोरीला पाजते, विचारलं तर हो-नाही करते. पण पोरीला पाळण्यात घालीत नाही. आणि मला घाल म्हणता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे आमच्या घरची रीत.”

रीत आवडाबाईंना ठाऊक होती. त्या घरात बारशाचा पाळणा मध्येच तुटला, तर पुन्हा पहिल्यापासून तो पुरा म्हटल्याशिवाय मुलाला त्या पाळण्यात निजवत नसत.

“मग कुणाकडून तरी पुरा करून घ्या वन्सं. आळीत गाणाऱ्या काय थोड्या आहेत? मी नाही येत. मला तिच्यापुढे उभं राहायला तोंड नाही.”

“मीही तेच म्हटलं तिला. म्हटलं, मामीला नको तर दुसरी कुणी बोलावू. तर म्हणते कशी, नको, सगळ्यांना तोच येतो.”

तबकातली फुलं तशीच राहिली. येसूवन्संच खालच्या आवाजात पुढे म्हणाल्या, “रिकामा पाळणा टांगलेला मला बघवत नाही वहिनी. येता-जाता डोळे मिटून घेते.”

मग त्यांनी एकदम विचारलं, “माझ्या हऱ्याच्या बारशाला तुम्ही म्हटलात, तो पाळणा का नाही म्हटलात काल?”

“तोच की हा.”

“हा?” येसूवन्सं हसल्या, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “हा तो नव्हे. त्यात चिखल होता.”

आणि त्या म्हणायलाच लागल्या. आवाज त्यांचा पहिल्यापासून फुटका, चाल निम्मी हरवलेली, पण शब्द पक्के होते:

मामा आला ग खाडी उतरून,
धोतर चिखलात गेलं भरून,
आंगड्याची पुडी डोईवर धरून,
उभा दारात नुसता हसून.

किती वर्षांत हे शब्द आवडाबाईंनी ऐकले नव्हते. त्या तेव्हा नुकत्या या घरात आलेल्या. यजमान भिवंडीला कारकुनीवर. येसूवन्सं बाळंतपणाला इथे माहेरी आलेल्या, आणि बारशाला मामा हवा म्हणून यजमान रजा घेऊन निघाले, तर दुर्गाडी किल्ल्याच्या खाली ओहोटीला होडी गाळात रुतली. बाकीची माणसं भरतीची वाट बघत बसली. हे उतरले आणि गुडघाभर चिखल तुडवत आले. दारात उभे राहिले ते कमरेखाली काळे, आणि तोंडभर हसू. सगळं घर हसलं. नव्या सुनेला मात्र हसायची सोय नव्हती. मोठ्यांच्या देखत नवऱ्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही. पण पाळण्यात ‘मामा’ म्हणायला कोण अडवणार? तिने ते चार शब्द तिथल्या तिथे जुळवले आणि मान खाली घालून म्हणून टाकले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हे ओटीवरून ऐकत होते.

पुढे कुठल्याशा मोठ्या घरचं बारसं आलं. सासूबाई म्हणाल्या, “पाळणा छान आहे हो तुझा, पण थोरांच्या घरी चिखल बरा दिसत नाही.” म्हणून चिखल गाळला. चिखल गेला तशी खाडी नकोशी झाली, तिच्या जागी गाडी आली. आंगड्याच्या पुडीच्या बिंदल्या झाल्या, बिंदल्यांना मोती लागले. ते हसणं कुठल्या घरी गळून पडलं, ते तर आता आठवेनासुद्धा.

“खरं सांगू वहिनी? रागावू नका,” येसूवन्सं उठता उठता म्हणाल्या. “गाणं तुम्ही एकदाच केलंत. पुढं नुसती नावं बदललीत.”

त्या गेल्यावर आवडाबाईंनी तबकाकडे पाहिलं. काल वाहिलेलं फूल पाण्याने धुऊन आज पुन्हा देवाला वाहावं, असं उभ्या जन्मात त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. तसलं मनात आणणंसुद्धा पाप. आणि लोकांच्या लेकरांच्या उशाशी मात्र आपण इतकी वर्षं निर्माल्यच वाहत आलो, वर शाबासकी घेत आलो. घरात कुणी नव्हतं तरी त्यांनी पदर पुढे ओढून घेतला.

चुलीपाशी बसून त्यांनी नवं काही जुळवायचा प्रयत्न केला. भाताला आधण येईतो दोन ओळी झाल्या. एकीत चंद्र होता, दुसरीत कल्पवृक्ष. आमटीला फोडणी घालताना आणखी एक झाली, तिच्यात वैकुंठातून मामा बघत होता, आणि ती बरी वाटली. मग ध्यानात आलं, की कुणाच्याही मामाला ती चालली असती. नाथा उंच होता की ठेंगणा, हेही आपल्याला सांगता यायचं नाही. उत्तराच्या लग्नाच्या पंगतीत तो वाढत होता एवढं आठवत होतं. तोंड आठवत नव्हतं.

यजमान जेवायला बसले. ताकाचा भात वाढताना आवडाबाई म्हणाल्या, “सकाळी वन्सं आल्या होत्या. हऱ्याच्या वेळच्या पाळण्याची आठवण काढत होत्या. चिखलाच्या.”

जेवण झालं, यजमान हात धुऊन पंचाला पुसत उभे राहिले आणि म्हणाले, “पुडी दातांत धरली होती मी. डोक्यावर जोडे होते.”

आवडाबाई बघतच राहिल्या. इतक्या वर्षांनी. “मग तेव्हाच सांगायचं नाही का?”

“तेव्हा तू विचारलंस कुठं?”

हसू आलं, कालपासूनचं पहिलं. पण ते ओठांवरच विरलं. जो एकच पाळणा आपला म्हणायचा, त्यातही विचारायचं राहून गेलं होतं.

दुपारची निजानीज झाल्यावर त्या येसूवन्संच्या घरी गेल्या. वाटेत दोन ओळखीच्या बायका भेटल्या. आवडाबाई खाली बघून पुढे निघाल्या. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा जळत होता. रेवती बाजेवर आईच्या कुशीत होती. पाळणा रिकामाच टांगलेला, आणि वर खुंटीला ती छत्री. आवडाबाई आत गेल्या नाहीत. दाराशीच भुईवर बसल्या.

“वर बसा मामी,” उत्तरा म्हणाली. न बघता.

“इथंच बरी आहे. गाणं म्हणायला नाही आले मी.” मग त्यांनी विचारलं, “उत्तरा, नाथा कसा यायचा ग तुझ्याकडे?”

“तुम्हाला कशाला हवं?”

“मला ठाऊक नाही म्हणून. ठाऊक नसताना म्हटलं मी.”

उत्तराने मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. ते सारखंच होतं. “गाडीत बसून तो कधीच आला नाही,” ती म्हणाली. “रुळांच्या कडेकडेने चालत यायचा. म्हणायचा, गाडीपेक्षा मी लवकर पोचतो. पोचायचा काही नाही.”

उत्तराने दाराबाहेर नजर टाकली, आवाज खाली आणला.

“श्रावणात मला सुकट खावीशी वाटायची. एकसारखी. आता तुम्हाला ठाऊक आहे, या घरात श्रावणात मासळीचं नाव काढायची सोय नाही. सासूबाईंना कसं सांगणार? नाथाला सांगितलं. वेड्याने आणली. पुडी छत्रीच्या आत लपवली, छत्री मिटून काखेत धरली, आणि वरून धोधो पाऊस. ठाकुर्लीपासून तसा चालत आला. दारात उभा राहिला तो नुसता निथळत होता. सासूबाई म्हणाल्या, छत्री असून भिजलास कसा रे? तर म्हणतो, मोडलीय.”

ती छत्रीकडे बघत होती. “परतताना ऊन पडलं होतं. विसरून गेला ती.”

शेगडीतला ओवा तडतडला.

“मी मागितली नसती तर तो भिजला नसता, मामी. हे मी कुणालाच बोलले नाही. यांनासुद्धा नाही. आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, मामा येई ग. मला वाटलं, जागच्या जागी भुई फाटावी.”

देवाची इच्छा, असं आवडाबाईंच्या तोंडाशी आलं. तेही तयारच होतं, हाताशी ठेवलेलं. त्यांनी ते गिळलं. “भिजला तो श्रावणात,” त्या म्हणाल्या. “ताप आला भाद्रपदात. ठाकुर्लीत तेव्हा कुणाच्या घरी ताप नव्हता ते सांग.” आणि मग काय बोलावं ते न कळून त्यांनी विचारलं, “चांगली होती का ग सुकट?”

उत्तराच्या तोंडावर आधी नुसतं आश्चर्य आलं. मग ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. “खारट होती. नुसती मीठ. पण सगळी खाल्ली. दार लावून.”

आवडाबाईंनी तिला रडू दिलं. स्वतःचेही डोळे पुसले. मग बसल्या जागी, चालीशिवाय, अडखळत त्या म्हणाल्या:

मामा येई ग रुळांच्या कडेनं,
मिटली छत्री ग धरून काखेनं,
सुकट श्रावणात आणली चोरून,
ताईनं खाल्ली ग दार लावून.

“ताई नाही म्हणायचा,” उत्तरा म्हणाली. “अक्का म्हणायचा.”

“अक्कानं खाल्ली ग दार लावून.”

“हां.”

“श्रावणात? माझ्या घरात?” येसूवन्सं आवडाबाईंच्या पाठीशी केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते दोघींनाही कळलं नव्हतं. उत्तराने पटकन डोळे पुसले. “तरीच ते मांजर दिवसभर या दारात बसून होतं. आणि मी मेली त्याला हाकलतेय.”

“वन्सं, तुम्हाला नको असेल तर ती ओळ गाळते मी,” आवडाबाई म्हणाल्या. “बारशाचा पाळणा आहे. सगळी आळी ऐकणार.”

“राहू दे,” उत्तरा म्हणाली. सासूच्या देखत एवढ्या ठामपणे ती कधी बोलली नव्हती.

येसूवन्संची नजर खुंटीकडे गेली. “मोडलीय म्हणाला,” त्या जराशाने म्हणाल्या, “आणि मी त्याला वेंधळा म्हटलं होतं. तोंडावर.” त्यांनी पुढे होऊन छत्रीच्या कापडावरची धूळ पदराने पुसली आणि तिला होती तशीच राहू दिली.

“पुढचं कडवं मात्र जमत नाही मला,” आवडाबाई म्हणाल्या. “मामा आता कुठं आहे, ते मला म्हणता येत नाही. वैकुंठात आहे म्हणावं, तर ते मी पाहिलेलं नाही.”

“मग दार लावून झालं की थांबा,” उत्तरा म्हणाली. “तिथंच थांबा. पुढं मी नुसता झोका देईन.”

शुक्रवारी पुन्हा पाळणा पुजायचा आणि तो पहिल्यापासून म्हणायचा, असं ठरलं. सोनं, रेशीम, गौरी सगळं काढायचं. पाळणा शिसवी आहे आणि एका बाजूला जरा कलतो, तेच म्हणायचं. घुगऱ्या पुन्हा कराव्या लागणार होत्या, आणि घरातले हरभरे काल संपले होते. “ते माझ्याकडे लागले,” आवडाबाई म्हणाल्या. येसूवन्सं नको म्हणाल्या नाहीत.

बाहेर पडल्या तेव्हा ऊन उतरत होतं. आळीतल्या किती दारांवरून त्या चालल्या होत्या, आणि त्यातल्या किती दारांआड त्यांनी दुसऱ्याच कुणाचा तरी मामा गाडीत बसवून धाडला होता. एका ओट्यावर एक पोर आपल्या बाहुलीला मांडीवर घेऊन गुणगुणत होतं: सोन्याचा पाळणा, रेशमी दोरी. आवडाबाईंनी कान बंद केले नाहीत. मान खाली घालून सगळं ऐकलं आणि पुढे झाल्या.

पडवी अजून अर्धीच होती. ती उद्या. दिवेलागणीच्या आत त्यांना पारनाक्यावरच्या वाण्याकडून हरभरे आणायचे होते.